सादळलेला कॅमेरा

मॉनिटरवर गेट दिसायला हवं होतं. दिसत होतं ताक.

पातळ, पांढरं, एकसारखं ताक. मी केबल हलवली, ब्राइटनेस कमी केला, परत वाढवला, शेवटी मॉनिटरच्या पाठीत एक चापट मारली. ताक ते ताकच. होडीच्या टोकाला बसलेल्या गोमाजीभाऊंनी मान लांब करून पाहिलं आणि विचारलं, "बाई, खालचं पाणी इतकं गढूळ कवापासून झालं?"

पाणी गढूळ नव्हतं. मे महिना होता, काठाजवळ तळाचे दगड मोजता येत होते. गढूळ होतं ते कॅमेऱ्याच्या आत. आणि त्या कॅमेऱ्याची तज्ज्ञ, तीन दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आलेली, त्याचं सर्टिफिकेट काचेत बसवून भिंतीला लावणारी बाई म्हणजे मी.

ही हकीकत सांगितली की माझी नात विचारते, "आजी, तू तेव्हा एवढी बावळट होतीस?" मी म्हणते, नाही गं, तेव्हा मी फार हुशार होते. इतका पक्का बावळटपणा नुसता येत नाही. त्याला डिप्लोमा लागतो.

माझा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा. आमचे मालक, म्हणजे नवरा, ऊर्जानगरला वीज केंद्रात होते, क्वार्टर होतं, आणि मी क्वार्टरच्या मागच्या खोलीत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे टीव्ही दुरुस्त करायची. पुढे टीव्ही दुरुस्त करण्यापेक्षा नवे घेण्याचे दिवस आले, तेव्हा काटकर साहेबांच्या कंपनीत लागले. कंपनी म्हणजे चंद्रपुरात दोन खोल्या, एक जीप आणि एक होडी. काम पाण्याखालचं. धरणाचं, तलावाचं गेट पाण्यात बुडालेलं असतं. ते नीट बंद होतं का, त्याच्या कडेची रबराची पट्टी फाटली आहे का, हे वरून कळत नाही. कोणीतरी खाली जाऊन पाहावं लागतं. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत अशा कामाला खाली जाणारा माणूस म्हणजे गोमाजीभाऊ. धिवरांच्या, मासे धरणाऱ्यांच्या घरातले, पाण्यात वाढलेले. डोळे मिटून, श्वास धरून, हातानं चाचपून सांगायचे, पट्टी कुठे गेली.

एका तलावात त्यांनी असंच चाचपलं. फटीतून पाणी पलीकडे जात असतं तिथे भयंकर ओढ असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. डावा हात ओढला गेला. हात सुटला, करंगळी तिथेच राहिली.

त्या करंगळीमुळे कॅमेरा आला. तो आला त्या दिवशी मी गोमाजीभाऊंना मोठ्या रुबाबात सांगितलं होतं, "भाऊ, आता तुम्ही नुसतं होडीत बसायचं. गेटला हात लावायची वेळ तुमच्यावर पुन्हा येणार नाही." त्यांनी ते मनावर घेतलं. घरी बायकोलाही सांगितलं. हे मला नंतर कळलं.

तर, हे तळं चामोर्शीच्या पलीकडे जंगलात होतं. गेट बंद असूनही पाणी वाहून चाललं होतं. धानाच्या पऱ्ह्यांसाठी, म्हणजे रोपांसाठी, गावानं राखलेलं पाणी होतं ते. गावकरी रोज येऊन काठीनं खूण करून जात, की पाणी किती उतरलं. साहेबांनी शनिवारपर्यंत रिपोर्ट द्यायचं कबूल केलं होतं.

मुक्कामासाठी आम्ही चामोर्शीत खोली घेतली. घर शमीमबींचं. पुढे त्यांच्या मालकाचं बांगड्यांचं दुकान, मागे दोन खोल्या. त्यातली एक मला आणि कॅमेऱ्याला. उन्हाळा असा, की दुपारी नळाला कढत पाणी. मी साहेबांना स्वच्छ सांगितलं, कॅमेऱ्याला उष्णता सोसत नाही, कूलर हवा. खरं म्हणजे मला सोसत नव्हती. साहेबांनी चंद्रपूरहून जीपवर बांधून कूलर पाठवला. पत्र्याचा, तीन बाजूंनी खसच्या ताट्या, पोटात पाण्याची टाकी. खिडकीत बसवला, चालू केला, आणि खोलीत वाळ्याचा वास सुटला. मी डोळे मिटून घेतले.

कूलर सुरू झाला तशा शमीमबी आत आल्या आणि कोपऱ्यातले पत्र्याचे चार डबे उचलायला लागल्या. मी म्हटलं, असू द्या ना, मला अडचण नाही.

"नाई बाई. कूलर लावून राह्यले ना तुम्ही. मंग पापड बाहेर ठेवते मी."

मला वाटलं, किती समजूतदार बाई. माझ्यासाठी जागा करून दिली. हे सोमवारी सकाळचं, होडीवर जायच्या आधीचं बोलणं. पुढचं वाचताना ते लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

सोमवारचं ताक पाहून मी निदान केलं, कॅमेऱ्यात पाणी शिरलं आहे. आता कॅमेऱ्यात पाणी कुठून शिरेल ते सांगते. पाण्याखालचा कॅमेरा एका जाड नळकांड्यात बसवलेला असतो. त्याला हाउसिंग म्हणतात. पुढे काच, मागे झाकण, झाकणाच्या खाचेत रबराची गोल कडी. तिला ओ-रिंग म्हणतात. कुकरच्या झाकणात असते तशीच, फक्त किमतीनं साहेबी. ती कडी कातरली, तिच्यावर केस आला, वाळूचा कण आला, की पाणी आत.

गळती आहे की नाही हे पाहायचीही सोपी युक्ती आहे. झाकणाशी आतून टिश्यू पेपरची घडी ठेवायची. पाणी आलं तर आधी तो कागद ओला होतो. मी हाउसिंग उघडलं. कागद खडखडीत कोरडा. त्यावरून शहाण्या माणसानं काय समजावं? गळती नाही, रोग दुसरा. मी काय समजले? कागद खराब आहे.

मंगळवारी मी नवी ओ-रिंग घातली. तिला ग्रीस लावायचं असतं ते अगदी पुसटसं, नुसती चमक येईल इतकं. मी भाकरीला लोणी लावतात तसं लावलं. मग कॅमेरा तापलेला नको म्हणून तासभर कूलरच्या समोर, अगदी झोतात ठेवला. दार लावलं, धूळ नको म्हणून. जितक्या म्हणून काळज्या घेता येतात तितक्या घेतल्या आणि त्याच झोतात बसून झाकण बंद केलं.

ताक आणखी घट्ट झालं.

हाउसिंगच्या आत ओल शोषायला सिलिका जेलच्या दोन पुड्या असतात. चपलांच्या खोक्यात निघतात, "खाऊ नये" असं लिहिलेल्या, तशा. मी त्या काढून पाहिल्या. आतले मणी छान गुलाबी होते. मी निश्चिंत झाले. इतके सुंदर मणी बिघडलेले कसे असतील? या मण्यांबद्दल ट्रेनिंगमध्ये एक अख्खं लेक्चर होतं. दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर. जेवणात श्रीखंड-पुरी होती. माझ्या वहीत त्या लेक्चरचं पान आहे अजून. वर ठळक अक्षरांत "सिलिका जेल, अत्यंत महत्त्वाचे", आणि त्याखाली पेनाची एक रेघ, जी हळूहळू घसरत पानाबाहेर गेली आहे.

मग मला आठवला तांदूळ. पाण्यात पडलेला फोन तांदळात ठेवतात, हे ऐकलेलं. चामोर्शीत तांदळाला काय तोटा. शमीमबींच्या कोठीत मी कॅमेरा नळकांड्यातून काढून गळ्यापर्यंत पुरला. त्या बाजूला उभ्या राहून बघत होत्या. मग विचारलं, "किती शिट्ट्या घ्यायच्या बाई?"

बुधवारी ताक तर होतंच, वर त्यात कोंडा तरंगत होता. तांदळाची पांढरी भुकटी लेन्सला चिकटली होती. गोमाजीभाऊ शांतपणे म्हणाले, "आता मासे येतीन."

पण मासे यायच्या आधी काटकर साहेब आले. होडीतून उतरून मी काठावर आले तेव्हा ते काठीची खूण बघत उभे होते. दोन दिवसांत पाणी बोटभर उतरलं होतं. गावातली चार माणसंही होती.

"मेश्राम बाई, कॅमेरा चालतो का? हो की नाही?"

मी म्हटलं, हाउसिंगमध्ये दोष असावा, कंपनीकडे पाठवावं लागेल.

"किती दिवस?"

"पंधरा-वीस."

साहेबांनी पाण्याकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनाही ते बोलायचं नव्हतं. म्हणाले, "मग शुक्रवारी सकाळी गोमाजी उतरेल. कमरेला दोरी बांधून. वर दोघं धरतील."

गोमाजीभाऊ हो म्हणाले. लगेच म्हणाले. मी काही विचारायच्या आत, माझ्याकडे न बघता. मग चुन्याची डबी काढून तंबाखू मळायला लागले, आणि मी पाहिलं, डाव्या तळहातावर मळताना चारच बोटं मिटतात. मला रागवले असते तर बरं झालं असतं.

गुरुवारी मला काही काम नव्हतं. ज्या बाईचा कॅमेरा चालत नाही तिला काय काम असणार. जेवायला बसले ती कूलरच्याच समोर. शमीमबींनी ताटात पापड भाजून वाढला. मला जेवण जाईना. वरण-भात कसाबसा गिळला, पापड तसाच राहिला. मी भिंतीकडे बघत बसले, मग वही चाळली, मग परत भिंतीकडे. अर्ध्या तासानं काहीतरी चाळा म्हणून पापड मोडायला घेतला.

तो मोडेना. वाकला. ओल्या चामड्यासारखा दुमडला आणि तसाच राहिला.

मी शमीमबींना हाक मारली. म्हटलं, पापड कच्चा राहिला वाटतं.

"कच्चा नाई. सादळला. या खोलीत अजून काय होईन? कूलरची सगळी हवा ओली. मी म्हटलं ना तुमाले पहिल्या दिवशी, डबे बाहेर ठेवते म्हणून."

बाहेर ओसरीवर त्यांच्या मालकाच्या ताटात दुसरा पापड होता. त्याच वेळी भाजलेला. मी त्यांच्या ताटातून तो उचलला, परवानगी न घेता, आणि मोडला. कडकन आवाज झाला. मालक म्हणाले, "घ्या बाई, अजून पाहिजे तं सांगा." त्यांना वाटलं, मला भूक लागली आहे.

आता सगळं समजावून सांगते, जे मला चार दिवस कोणी ना कोणी सांगत होतं आणि मी ऐकत नव्हते. कूलर हवा थंड करतो ती पाणी पाजून. आम्ही विदर्भातली माणसं त्या ओल्या गारव्यावर उन्हाळा काढतो. ती हवा मी नळकांड्यात कोंडत होते, ओ-रिंग लावून, ग्रीस चोपडून, अगदी घट्ट. मग ते नळकांडं तळ्याच्या तळाशी गार पाण्यात सोडत होते. काच गार पडली की आतल्या हवेतली ओल काचेवर बसे. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून घाम येतो, तसा माझ्या कॅमेऱ्याला आतून येत होता. बाटली गळते असं कोणी म्हणत नाही. मी म्हणत होते. पाण्याचा एक थेंब बाहेरून आत गेला नव्हता. जी काही ओल होती ती मी स्वतः, हातानं, प्रेमानं भरली होती.

आणि खिडकीबाहेर लू वाहत होती. जिच्यापासून पळून मी कूलरच्या झोतात बसले होते ती. जगातली सगळ्यात कोरडी हवा, फुकट, दारात.

दुपारी दोन वाजता, सगळं चामोर्शी दारं लावून पडलेलं असताना, मी ओसरीच्या सावलीत बाज टाकली आणि कॅमेरा, हाउसिंग, काच, झाकण, एकेक सुटं करून मांडलं. ग्रीस पुसलं. कोंडा ब्रशनं झटकला. लूबरोबर धूळ येते, म्हणून शमीमबींनी पापडांवर घालायचं मलमलचं फडकं आणून दिलं. एका बाजूला त्यांचे उडदाचे पापड, दुसऱ्या बाजूला माझी यंत्रं, वर एकच फडकं.

सिलिकाच्या पुड्या मी बाजूला ठेवल्या होत्या. शमीमबींनी विचारलं, हे काय असते. मी सांगितलं, हे ओल पितात.

"मंग हे पण सादळलं असन ना, तुमच्या खोलीत राहून? भाजून घ्या."

मी म्हटलं, अहो हे चांगले आहेत, गुलाबी आहेत. पण म्हणताना माझाच आवाज जरा बसला. त्यांनी एक जुनी कढई चुलीवर ठेवली, पुडी फाडून मणी ओतले आणि रवा परततात तसे मंद आचेवर परतू लागल्या. पंधरा-वीस मिनिटांत मणी निळे झाले. गडद, मोराच्या मानेसारखे निळे. तेव्हा कुठे श्रीखंडाच्या पलीकडून त्या लेक्चरचं एक वाक्य मला ऐकू आलं. निळे म्हणजे कोरडे, गुलाबी म्हणजे पोट भरलेले. माझे मणी कित्येक महिन्यांपूर्वीच जेवून तृप्त झाले होते.

(ती कढई नंतर स्वयंपाकाला वापरायची नसते, त्या निळ्या रंगाचं औषध पोटात जाणं चांगलं नाही. मी शमीमबींना दुसरी घेऊन दिली. तुम्ही घरी हा उद्योग कराल म्हणून सांगते.)

संध्याकाळचा गारवा यायच्या आत, त्याच लूत बसून, घामानं डोळे चुरचुरत असताना, मी निळ्या मण्यांची नवी पुडी आत ठेवून झाकण बंद केलं. घामाचा थेंब आत पडू नये म्हणून कपाळाला शमीमबींची ओढणी बांधली होती. त्याच वेळी गोमाजीभाऊ आले. त्यांनी बाजेवर पाहिलं, फडकं पाहिलं, माझं कपाळ पाहिलं.

"बाई, कॅमेऱ्याचे पापड टाकले का?"

मी म्हटलं, हो भाऊ. उद्या तळून वाढते.

शुक्रवारी सकाळी काठावर गेलो तेव्हा त्यांनी दोरी बांधलीच होती. हातातलं घड्याळ आणि चुन्याची डबी काढून माझ्या हातात दिली. "धरा बाई," इतकंच म्हणाले. मी ते धरलं आणि साहेबांना म्हटलं, एकदा कॅमेरा सोडू द्या.

"चौथ्यांदा?"

"चौथ्यांदा."

साहेबांनी गोमाजीभाऊंकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. ते घड्याळ माझ्या हातात होतं. "दहा मिनिटं," म्हणाले.

आम्ही तिघं होडीत बसलो आणि कॅमेरा खाली गेला. आधी हिरवं पाणी दिसलं. मग भिंत. दगडावरचं शेवाळ, त्यातून फिरणारा एक झिंगा, त्याच्या मिशा. मिशा दिसत होत्या. मग गेटचं लोखंड, गंजाचे पापुद्रे, आणि खाली डाव्या कोपऱ्यात, गेट आणि उंबऱ्याच्या मध्ये, आडवा अडकलेला बांबूचा तुकडा. त्याच्यामुळे गेट पूर्ण टेकत नव्हतं. कडेला हातभर लांबीची फट. तिथे पाणी अगदी शांत दिसत होतं. हलत सुद्धा नाही असं.

वरून सागाचं एक कुजकं पान तरंगत आलं. सावकाश. फटीपासून वीतभर अंतरावर आलं आणि नाहीसं झालं. गेलं असं दिसलंच नाही. होतं, मग नव्हतं.

गोमाजीभाऊ मॉनिटरजवळ वाकून बसले होते. म्हणाले, "मी डावीकडूनच सुरू करतो नेहमी. आजही तिकडूनच करणार होतो."

मग त्यांनी कमरेची दोरी सोडायला घेतली. गाठ पक्की होती, त्यांना सुटेना. साहेबांनी खाली बसून ती सोडवली.

पुढचं काम साधं होतं. गेटच्या पुढच्या खाचांत लाकडी फळ्या सोडून पाणी अडवलं, ओढ बंद केली, आणि वरूनच लांब आकडी घालून बांबू काढला. शनिवारी गेट टेकलं. गावकऱ्यांनी काठीवर शेवटची खूण केली आणि ती तशीच राहिली. रिपोर्टमध्ये साहेबांनी लिहिलं, "उपकरणातील तांत्रिक त्रुटी दूर करण्यात आली." ती तांत्रिक त्रुटी त्या वेळी शेजारच्या खुर्चीत बसून चहा पीत होती.

शमीमबींचं नाव रिपोर्टमध्ये घाला म्हटलं तर साहेब म्हणाले, काय म्हणून घालू? पापड सल्लागार? मला ते पद चुकीचं वाटलं नाही, पण कागदावर चढलं नाही.

चंद्रपूरला परत आल्यावर मी दोन गोष्टी केल्या. भिंतीवरचं सर्टिफिकेट काढून त्या खिळ्याला निळ्या मण्यांची पारदर्शक पुडी लटकवली, रंग बदलला की कळावा म्हणून. आणि कॅमेऱ्याच्या खोलीतला कूलर काढून साहेबांच्या खोलीत दिला. पावसाळ्यात लू नसते, तेव्हा घट्ट डबा आणि भाजलेले मणी यांच्यावर भागवायचं. पण उन्हाळ्यात त्या खोलीत कूलर नाही तो नाहीच. कॅमेरा कोरडा राहावा म्हणून रिटायर होईपर्यंतचे सगळे मे महिने मी घामानं ओली होऊन काढले. बाजूच्या खोलीत साहेब गार हवेत बसत आणि त्यांच्या चहाबरोबरची बिस्किटं मऊ पडत.

गोमाजीभाऊ अजून येतात, वर्षातून एकदा, तळ्यातले झिंगे घेऊन. आता हातानं चाचपायचं काम कोणी करत नाही. माझ्या नातीनं मागच्या खेपेस त्यांची बोटं मोजली आणि विचारलं, आजोबा, एक कुठे गेलं? ते म्हणाले, "ते कॅमेरा यायच्या आधी गेलं. बाकीची नऊ तुझ्या आजीनं पापड खाल्ला नाई म्हणून राह्यली."